शंभर वर्षं जुनं घर, बागेसकट : नवशिक्यांसाठी सूचना

न्यूजर्सीत चांगलं घर मिळतं. पुढे हिरवळ, मागे हिरवळ, दोन गाड्यांचं गॅरेज, तळघरात दीड दिवसाचा गणपती ऐसपैस बसेल एवढी जागा. ज्यांचं एवढ्यावर भागतं त्यांनी हा मजकूर इथेच मिटावा. त्यांचं भलं होवो. पुढच्या सूचना एका विशिष्ट जातीच्या माणसासाठी आहेत. हा माणूस रविवारी किराणा आणायला म्हणून सात नंबरच्या ट्रेनने क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला उतरतो, ७४व्या रस्त्यावर कढीपत्ता, जाडे पोहे आणि गवार घेतो, आणि पिशव्या हातात असतानाच उगाच दोन-चार रस्ते पुढे चालत जातो. तिथे गजबज एकदम ओसरते. लाल विटांच्या सहा मजली इमारती, काहींच्या उतरत्या छपरांवर स्लेटच्या पाट्या, आणि लोखंडी फाटकाच्या गजांतून आत दिसणारी, सबंध ब्लॉकभर लांब पसरलेली बाग. पिशव्यांचे हात बदलता बदलता तो बायकोला म्हणतो, "आपण इथे घेऊया का गं?" ती म्हणते, "गवार सुकतेय." पण रोग जडलेला असतो.

आधी हे मान्य करा की तुम्ही घर घेत नाही आहात

दुसऱ्या महायुद्धाआधी बांधलेल्या इमारतीला न्यूयॉर्कमध्ये 'प्रीवॉर' म्हणतात आणि त्या बिरुदाचे वेगळे पैसे मोजतात. आपल्याकडे एवढ्या वयाच्या इमारतीला पावसाळ्याआधी म्हाडाची नोटीस येते. इथे तिला भाव येतो. जाड भिंती, नऊ-साडेनऊ फुटांवर छत, लाकडी जमीन, बैठकीच्या तोंडाशी एखादी कमान, आणि स्वयंपाकघरातला रंगाच्या वीस थरांनी बुजलेला एक चौकोन, ज्यामागे पूर्वी दोरीने सामान वर ओढायचा पाळणा होता. हा चौकोन उघडायचा नाही. सगळे नवे लोक उघडतात.

यातल्या बहुतेक इमारती को-ऑप आहेत. अख्खी इमारत एका कंपनीच्या मालकीची; तुम्ही त्या कंपनीचे शेअर घेता आणि शेअरच्या जोरावर कंपनी तुम्हाला आपल्याच एका फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देते. म्हणजे तुम्ही मालकही आणि भाडेकरूही. अमेरिकन माणसाला हे समजावताना कागद-पेन्सिल लागते. तुम्ही मात्र ठाण्याला सासऱ्यांना फोन लावा. ते सोसायटीचे माजी सेक्रेटरी आहेत असं गृहीत धरू; प्रत्येक कुटुंबात एक असतोच. ते वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणतील, "अहो, म्हणजे आपली सोसायटीच की!" शिवाय मुंबईतल्या गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची, म्हणजे जॅक्सन हाइट्सचे फ्लॅट को-ऑप म्हणून विकायला निघाले त्याच्याही चार-पाच वर्षं आधीची, हेही ऐकवतील. त्यांना ऐकवू द्या. मॅनहॅटनमध्ये ५७व्या रस्त्यावर १८८१ सालीच 'रेम्ब्रँट' नावाची अशी इमारत उभी राहिली होती हे बोलू नका. पुढे या माणसाचा उपयोग आहे.

त्यांना सांगण्यासारखे फरक दोनच. महाराष्ट्रात एक सभासद, एक मत. इथे जितके शेअर तितकी मतं, आणि शेअर ठरतात फ्लॅटचा आकार, मजला, खिडकीतून दिसणारं दृश्य यांवरून. वरच्या मजल्यावरच्या, बाग दिसणाऱ्या तीन बेडरूमवाल्या बाईंचा हात वर गेला की तळमजल्यावरच्या एका खोलीवाल्याने आपला खाली घ्यावा. यावर सासरे "हे बेकायदेशीर आहे" म्हणतील.

दुसरा फरक जिव्हारी लागणारा आहे. आपल्याकडे सोसायटीने सभासदत्व नाकारलं तर कारण द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर निबंधकाकडे दाद मागता येते. न्यूयॉर्कच्या को-ऑपचं बोर्ड कारण न देता नाही म्हणू शकतं. वंश, धर्म, मूलबाळ वगैरे कायद्याने मना केलेल्या कारणांवरून नाकारता येत नाही हे खरं. पण कारण सांगायचंच नसेल तर ते कुठलं होतं हे कळणार कसं? १९७९ साली माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनाही मॅनहॅटनमध्ये या अनुभवातून जावं लागलं आणि १९८५ साली मॅडोनाला. त्या रांगेत आपण उभे आहोत, एवढंच काय ते समाधान.

जाहिरात

या वस्तीचा जन्मच जाहिरातीतून झालेला आहे. १९०९ साली क्वीन्सबरो पूल झाला. त्याच सुमारास एडवर्ड मॅकडूगल या गृहस्थाच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने इथली शेतजमीन शेकडो एकरांनी घेऊन ठेवली आणि १९१७ साली उन्नत मार्गावरून ट्रेन येऊन थडकली. मॅकडूगलची कल्पना साधी आणि खर्चिक होती : इमारतींनी ब्लॉकच्या कडा धरायच्या आणि मधला सगळा पट्टा बागेला सोडायचा. मॅनहॅटनमध्ये इंचाइंचावर वीट चढत असताना अर्ध्याहून जास्त जमीन गवताला देणं म्हणजे बिल्डराच्या भाषेत वेडेपणा. आपल्याकडे एखाद्या विकासकाने असं केलं असतं तर त्याच्या भावांनी त्याला देवऋषाकडे नेलं असतं. अँड्र्यू थॉमस या वास्तुविशारदाने इथे 'लिंडेन कोर्ट', 'शॅटो', 'टॉवर्स' अशा एकेक इमारती काढल्या आणि त्यांच्या बागांनी त्या विकल्या. २८ ऑगस्ट १९२२ रोजी डब्ल्यूईएएफ या रेडिओ केंद्रावर कॉर्पोरेशनने ५० डॉलर मोजून 'हॉथॉर्न कोर्ट'ची महती गायली : शहराच्या कोंडीतून सुटा, मोकळ्या हवेत या. पैसे घेऊन रेडिओवर लावलेली पहिली जाहिरात म्हणून हिचंच नाव घेतलं जातं. पुढे रेडिओ-टीव्हीवर आपल्या कानांत जे जे ओतलं गेलं त्याचा उगम या बागेत आहे. तेव्हा आजच्या ब्रोकराने चार विशेषणं जास्त लावली तर चिडू नका.

फक्त 'आउटडोअर स्पेस' एवढं लिहिलेलं दिसलं की थांबा. ही जागा खासगी टेरेस असू शकते, दोन कुंड्या आणि एक पाय मावेल अशी बाल्कनी असू शकते, सामायिक बाग असू शकते. क्वचित ती फायर एस्केपही असते, म्हणजे आगीच्या वेळी पळायचा लोखंडी जिना, ज्यावर कुंडी ठेवणं बेकायदेशीर आहे. फोटोत त्यावर कुंडी असते.

फाइल

घर पसंत पडलं, भाव ठरला, वकिलाने करार केला, दहा टक्के रक्कम अडकली. इथे न्यूजर्सीतला माणूस पडद्यांची मापं घ्यायला लागतो. तुम्ही प्रिंटर घ्या.

बोर्डाला तुमच्याबद्दल सगळं हवं असतं. दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरी देणाऱ्याचं पत्र, प्रत्येक खात्याची स्टेटमेंट्स, सध्याच्या घरमालकाचा दाखला, आणि ओळखीच्यांची शिफारसपत्रं : काही कामाची, काही मैत्रीची. स्टेटमेंटचं पान न पान लागतं. 'हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे' असं छापलेलं जे शेवटचं पान असतं, तेही लागतं. ते कोरं आहे म्हणून गाळलंत तर फाइल अपुरी ठरते आणि बोर्डाची पुढची बैठक महिन्याने असते.

आकड्यांचा हिशेब ढोबळमानाने असा. निदान वीस-पंचवीस टक्के रक्कम तुमची. कर्जाचा हप्ता, मेंटेनन्स आणि इतर देणी मिळून उत्पन्नाच्या २५ ते ३० टक्क्यांच्या आत. आणि सगळे पैसे देऊन झाल्यावरही वर्ष-दोन वर्षांचा हप्ता आणि मेंटेनन्स खात्यात शिल्लक, तोही लगेच काढता येईल असा. या शेवटच्या अटीपाशी मराठी कुटुंबाचं खरं दारिद्र्य उघडं पडतं. कारण आपल्याकडे असतं सगळं, फक्त ते खात्यात नसतं. पीपीएफ बोर्डाला कळत नाही. तळेगावचा प्लॉट, ज्याच्या सातबाऱ्यावर अजून काकांचं नाव आहे, तोही कळत नाही. बायकोचं सोनं पुण्याच्या लॉकरमध्ये आहे आणि चावी आईकडे, हे फाइलमध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार? सासऱ्यांनी ठेव मोडून पाठवलेली रक्कम खात्यात एकदम दिसली तर ती आली कुठून याचा खुलासा लागतो, आणि 'हे पैसे परत मागणार नाही' असं त्यांच्या सहीचं पत्र. सासरे हे पत्र आनंदाने देतील. मग दर दिवाळीला त्याची आठवणही देतील.

शिफारसपत्रं मित्रांवर सोडू नका. आपला मित्र भावनेच्या भरात लिहितो की, यांच्या घराचं दार सदैव उघडं असतं, कधीही जा, पंचवीस माणसं जेवत असतात. ते पत्र फाडा. पत्रात तुम्ही शांत, वेळेवर पैसे भरणारे आणि किंचित कंटाळवाणे दिसले पाहिजेत. ढोल-ताशा पथकाचा उल्लेख कुठेही नको.

मुलाखत

ती कुणाच्या तरी बैठकीत होते, नाहीतर तळघरातल्या खोलीत घडीच्या खुर्च्यांवर, आजकाल पडद्यावरही. समोर पाच-सात माणसं. त्यांनी तुमची फाइल वाचलेली आहे, म्हणजे तुम्ही गेल्या मार्चमध्ये औषधांवर किती खर्च केलात हे त्यांना ठाऊक आहे आणि तुम्हाला त्यांची आडनावंही नीट ठाऊक नाहीत. हसतमुख राहा. विचारलं तेवढंच सांगा. स्वयंपाकघराची भिंत पाडायचा बेत काढू नका. 'तुम्हाला काही विचारायचंय का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही, इमारत सुंदर आहे' हे आहे. पाहुणे येतात का, किती दिवस राहतात, असं कुणी विचारलं तर सासऱ्यांना अमेरिकेत एका वेळी सहा महिने राहायची परवानगी मिळते हे तपशिलात सांगायची गरज नाही. "एंटायटल्ड टु" असे शब्द तर मुळीच वापरू नका.

इथे एक गोष्ट डोक्यात ठेवून बसा, बोलू नका. या बागा ज्या काळात लावल्या गेल्या त्या काळात त्या कुणासाठी नाहीत हे फार नेमकं ठरलेलं होतं. मॅकडूगलच्या वस्तीत ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. सामाजिक शिफारसपत्रांची पद्धत त्याच गाळणीचा भाग होती. 'शॅटो'-'टॉवर्स'च्या विटा चढत होत्या त्या १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणसाला इथलं नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. फाटकाबाहेरून बाग बघायलाही आपण त्या वर्षी आलो नसतो. मग १९६५ साल उजाडलं. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कने जुन्या वास्तू जपण्याचा कायदा केला, पेन स्टेशनचा भव्य राजवाडा दोन वर्षांपूर्वी पाडायला घेतला गेल्याच्या पश्चात्तापातून. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने देशवार कोटा काढून टाकणारा स्थलांतराचा कायदा केला. पहिल्याने पुढे १९९३ साली, साधारण ७६व्या ते ८८व्या रस्त्यांदरम्यानची ही वस्ती ऐतिहासिक म्हणून राखली. दुसऱ्याने ७४व्या रस्त्यावर २२० व्होल्टचे मिक्सर, साड्या आणि आपल्याला आणलं. घडीच्या खुर्चीवर समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे आजोबा या फाटकातून आत येऊ शकले नसते. म्हणून ते तुम्हाला सवलत देतील असं समजू नका. उलट, ज्याला बसायची जागा उशिरा मिळाली तो पुढच्याचं तिकीट जास्त बारकाईने तपासतो.

होकार आला की सामान हलवायचा दिवस ठरवा. लिफ्टचं बुकिंग, सामान हलवणाऱ्यांच्या विम्याचा कागद, आठवड्यातले ठरावीक तास. 'मित्राचा टेंपो आहे' ही सोय नाही.

वाफ

अशा इमारतीत पहिला हिवाळा येतो तेव्हा रात्री भिंतीत कुणीतरी हातोडा मारतंय असं वाटेल. पोलिसांना बोलावू नका. तळघरात बॉयलर पेटला आहे, वाफ पाइपातून वर चढते आहे आणि वाटेत साचलेल्या पाण्यावर आदळते आहे.

खिडकीखालचा तो ओतीव लोखंडाचा पिंजरा म्हणजे रेडिएटर. बऱ्याच जुन्या इमारतींत त्याला एकच पाइप असतो : वाफ त्याच वाटेने येते आणि थंड होऊन पाणी झालं की त्याच वाटेने परत जाते. म्हणून त्याची चावी पूर्ण उघडी ठेवायची किंवा पूर्ण बंद. 'थोडी कमी करू' म्हणून अर्धवट फिरवलीत की खाली जाणारं पाणी आणि वर येणारी वाफ त्या फटीत एकमेकांना भिडतात आणि घर दणाणतं. दुसऱ्या टोकाला बोटभर उंचीची चकचकीत कुपी असते. ती फुसफुसते, मग गप्प होते. ती गप्प झाली नाही तर बदला, दोन मिनिटांचं काम आहे. आणि रेडिएटर चावीच्या बाजूला किंचित कललेला हवा, नाहीतर पाणी आतच साचतं. शंभर वर्षांत लाकडी जमीन दबते आणि तो उतार उलटा होतो. उपाय म्हणून लांबच्या पायांखाली लाकडाची चपटी पाचर सरकवायची. हे सुपरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, सांगितलंत तर तो महिन्याने येईल. सासऱ्यांना सांगितलंत तर ते चहा व्हायच्या आत करतील, पाण्याची बाटली आडवी ठेवून उतारही बघतील.

१ ऑक्टोबर ते ३१ मे, बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात किमान ६८ अंश असले पाहिजेत, असा शहराचा नियम आहे. कमाल किती याबद्दल नियम गप्प आहे. त्यामुळे जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, न्यूयॉर्कच्या प्रीवॉर घरांच्या खिडक्या उघड्या असतात आणि आत माणसं बनियनवर बसलेली असतात. पैसे मेंटेनन्समधून जातात, तेव्हा दुःख सामुदायिक असतं. २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना कार्बनची मर्यादा घालणारा कायदा २०१९ साली झाला आणि २०२४पासून तो लागू आहे. आता प्रत्येक बोर्डासमोर बॉयलरचं काय करायचं हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या पेटीत 'असेसमेंट' नावाच्या, जादा पैसे मागणाऱ्या पत्राच्या रूपाने येईल. पूर्वतयारी म्हणून काहीही करता येत नाही.

दुरुस्त्या

ओल्या जागेखाली कोरडी जागा येता कामा नये, असा जवळजवळ सगळ्या को-ऑपचा दंडक आहे : तुमचं नवं न्हाणीघर खालच्याच्या बेडरूमवर नको. ज्याने मुंबईत वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या पाण्यावर तीन पिढ्यांचं वैर पाहिलंय त्याला हा नियम समजावावा लागत नाही. जमिनीचा ८० टक्के भाग गालिच्याने झाकायचा, हा दुसरा. म्हणजे ज्या लाकडी जमिनीसाठी तुम्ही जादा पैसे मोजलेत ती तुम्हाला २० टक्के दिसेल.

आतली ओटा-कपाटं बोर्डाची परवानगी घेऊन बदलता येतात. बाहेरून दिसणारं सगळं मात्र शहराच्या लँडमार्क्स आयोगाच्या अखत्यारीत. खिडकी बदलायची तर तिच्या चौकटीची जाडी आणि काचेचे विभागसुद्धा जुन्याशी जुळले पाहिजेत. सासरे पहिल्याच दिवशी खिडकीतून वाकून बघतील आणि म्हणतील, "ग्रिल का नाही लावलं? दीड फूट बाहेर काढा, वाळवण होईल, कुंड्या राहतील." त्यांना सांगा की दहा वर्षांची किंवा त्याहून लहान मुलं असतील त्या घरांना आतून गज लावणं इथेही सक्तीचं आहे. बाहेर दीड फुटाबद्दल बोलू नका. तो दीड फूट तुमचा नाही, न्यूयॉर्कच्या इतिहासाचा आहे.

बाग

आता मुद्द्यावर येऊ. ज्या बागेसाठी हे सगळं केलंत ती बाग.

ती तुमची आहे. म्हणजे तुमच्या शेअरांच्या प्रमाणात तुमची आहे. तिची किल्ली तुमच्याकडे आहे, तिच्या माळ्याचा पगार तुमच्या मेंटेनन्समधून जातो, तिच्याकडे तोंड केलेल्या खिडकीसाठी तुम्ही जादा मोजले आहेत. तिच्यात काय करता येतं याची यादी लॉबीतल्या फळ्यावर आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती यादी काय करता येत नाही याची असते. गवतावर चालू नये. चेंडू आणू नये. सायकल, स्केट, कुत्रा, संगीत, वाढदिवस नको. डबा नको. पायवाटेने फेरी मारता येते, बाकावर बसता येतं. काही इमारतींच्या बागा मोकळ्या हाताने वापरू देणाऱ्या आहेत, पण तुमची ती नव्हे. ती कधीच नसते.

मे महिन्यात सासरे येतात. पहाटे साडेपाचला जेट लॅगने उठून, पांढरा लेंगा आणि सदरा घालून, चपला काढून ते हिरवळीवर उतरतात. दवात अनवाणी चालल्याने डोळ्यांना चांगलं, हे त्यांनी आयुष्यभर वाचलेलं आहे, आणि आयुष्यभर ठाण्यात त्यांना दव मिळालेलं नाही. तिसऱ्या फेरीला चौथ्या मजल्यावरची एक खिडकी वर सरकते. "सर," अशी एक अतिशय सभ्य हाक येते, "वी डोंट वॉक ऑन द ग्रास." सासरे वर बघून नमस्कार करतात आणि पायवाटेवर येतात. मग घरात येऊन विचारतात, "पोटनियम कुठे आहेत तुमचे?"

ते त्यांना द्या. ४० पानं आहेत, तुम्ही एकही वाचलेलं नाही. दुपारपर्यंत ते अधोरेखित होतील. संध्याकाळी तुम्हाला कळेल की फळ्यावर काहीही लिहिलेलं असो, पोटनियमांत गवताबद्दल एक अक्षर नाही, ती नुसती वहिवाट आहे, आणि ठराव न करता वहिवाट लादता येत नाही. "एक पत्र टाका," ते म्हणतील, "पोच घ्या." हे पत्र टाकू नका. मॅनहॅटनमधल्या एका को-ऑपने शेजाऱ्यांविरुद्ध सतत तक्रारी, पत्रकं आणि खटले करणाऱ्या एका भागधारकाला मतदानाने बाहेर काढलं, आणि २००३ साली राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयाने ते उचलून धरलं. हे ऐकल्यावर सासरे बराच वेळ गप्प बसतील आणि मग हलक्या आवाजात, थोड्या हेव्याने म्हणतील, "हा अधिकार आम्हाला असता तर..."

ज्यांना खरंच बाहेर बसायचं असतं ते ३४व्या ॲव्हेन्यूवर जातात. २०२०च्या साथीत या रस्त्याचे २६ ब्लॉक गाड्यांना बंद करून माणसांसाठी खुले केले आणि लोकांनी ते सोडले नाहीत. तिथे मुलं डांबरावर खडूने चित्रं काढतात, बाया घोळक्याने नाचाचा व्यायाम करतात, म्हातारे घरची खुर्ची आणून बसतात. बाग विकत घेतलेली माणसं रस्त्यावर बसलेली बघायची असतील तर संध्याकाळी सहाला जा. तुमचे सासरेही तिथेच सापडतील. वाटेत ८१व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची पाटी बघा. तिच्यावर प्रत्येक अक्षराखाली स्क्रॅबलचे गुण लिहिलेत. मंदीत बेकार झालेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने तो खेळ याच वस्तीत राहून घडवला आणि कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये खेळून पाहिला. गवतावर जायची परवानगी असती तर कदाचित क्रिकेटचा एखादा प्रकार निघाला असता.

जूनमध्ये एक शनिवार येतो तेव्हा स्थानिक संस्था सहलीसाठी ही फाटकं उघडते आणि बाहेरचे लोक तिकीट काढून आतल्या बागा बघून जातात. त्या दिवशी सासऱ्यांना पायवाटेवर उभं करा. ते कुणालाही न विचारता लोकांना माहिती देतील, 'शॅटो'चं छप्पर कोणत्या धर्तीचं ते सांगतील, आणि कुणाचा पाय गवतावर पडला की म्हणतील, "सर, वी डोंट वॉक ऑन द ग्रास."

स्वतःची टेरेस मिळाली असेल तर तिच्याबद्दल एवढंच. वापर तुमचा, खालचं छप्पर कंपनीचं. गळती निघाली की तुमच्या लाद्या, कुंड्या, लाकडी बैठक, सगळं तुमच्या खर्चाने उचला, असं पत्र येतं. तिथे गॅसच्या टाकीवर काही भाजायला अग्निशमन दलाची बंदी आहे, तेव्हा वांगं आतच. तुळस ऑक्टोबरात आत घ्या. पहिल्या थंडीच्या रात्रीनंतर ती काळी पडते आणि आईला फोनवर सांगता येत नाही.

बोर्डावर

दोन वर्षांनी वार्षिक सभा असेल. तुम्ही जाल, कारण सासऱ्यांनी बजावलंय की सर्वसाधारण सभा चुकवायची नसते. बारा माणसं आलेली असतील. बोर्डावरची एक जागा रिकामी असेल आणि सगळे जण बुटांकडे बघत असतील. तुमच्या शेजारची चौथ्या मजल्यावरची बाई तुमचं नाव सुचवेल.

पगार नाही. दर महिन्याला एक बैठक, रात्री आठ ते अकरा. विषय : बॉयलर, लॉन्ड्रीतलं बंद पडलेलं तिसरं यंत्र, नाताळात सुपरला पाकिटात किती द्यायचे, आणि गवत. गवतावर मुलांना आठवड्यातून एक तास जाऊ द्यावं असा प्रस्ताव दर वसंतात येतो. तुम्ही त्याच्या बाजूने बोलायला उठाल, मग नव्या बियाण्याचा आणि माळ्याचा खर्च समोर येईल, आणि प्रस्ताव अभ्यासासाठी पुढे ढकलायच्या बाजूने तुमचं मत पडेल.

मग पहिली फाइल हातात येईल. तरुण जोडपं, दोघांची नोकरी चांगली, खात्यात शिल्लक पुरेशी, मित्राचं पत्र जरा जास्तच प्रेमळ. घरी नेऊन जेवणानंतर सावकाश चाळा. बँकेचं स्टेटमेंट 'सहापैकी एक' म्हणून सुरू होतं आणि पाचव्या पानावर संपतं. सहावं कोरंच असणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. फाइल परत पाठवा.